साक्षीदाराचा भत्ता

सरकार बाईला वकील फुकट देतं, हे मला पाय मोडल्यावर कळलं. साक्षीदार मात्र फुकट मिळत नाही, हे त्याच्यानंतर कळलं. आणि साक्षीदार म्हणजे आपला स्वतःचाच नवरा असला, तर तो सगळ्यांत महाग पडतो, हे यंदाच्या हिवाळ्यात कळलं.

मी संगीता. दिग्रसकडून येताना फाट्यावर उतरून थोडं आत चाललं की आमचा तांडा लागतो. दिवाळी झाली की तांडा रिकामा होतो. ट्रक येतात, त्यांत भांडी, गोधड्या, कोंबड्या, लेकरं आणि माणसं चढतात, आणि सगळे ऊस तोडायला सांगलीकडे निघून जातात. मागे उरतात म्हातारे, बकऱ्या आणि सेवालाल महाराजांच्या देवळावरचा पांढरा झेंडा. यंदा मीही उरले. मला म्हाताऱ्यांत धरायचं की बकऱ्यांत, ते तुम्हीच ठरवा.

ऊसतोडीत माणसं मोजत नाहीत, कोयते मोजतात. एक कोयता म्हणजे एक जोडी, बहुतेक नवरा-बायको. तो तोडतो, ती मोळ्या बांधते, गाडी दोघं मिळून भरतात. मजुरी कोयत्याची असते, माणसाची नाही. एकटा माणूस मुकादमाच्या लेखी अर्धा कोयता, आणि अर्ध्या कोयत्याला कोणी उभं करत नाही. लग्न झालं तेव्हापासून मी सोनूच्या बापाचा अर्धा कोयता होते. मी बांधलेली मोळी कधी रस्त्यात सुटली नाही. ही फुशारकी आहे, पण ती माझ्यासाठी मारायला आता दुसरं कोणी उरलेलं नाही.

सोनूचा बाप म्हणजे माझा नवरा. आम्ही बायका त्याचं नाव घेत नाही. पुढे कोर्टाचा शिपाई घेईलच.

दोन उन्हाळ्यांपूर्वी दिग्रसचा बाजार करून आम्ही फाट्यावर उतरलो होतो. मी पिशव्या घेऊन रस्त्याखालच्या मातीत उभी होते. सोनूचा बाप समोरच्या पानठेल्यावर सुपारी-तंबाखूचा खर्रा घोटून घेत होता. एक पिकअप डांबरी सोडून सरळ माझ्या अंगावर आली. ड्रायव्हर पळाला आणि बघणारे सगळे त्याच्यामागे पळाले. माझ्याकडे पळत आला तो फक्त सोनूचा बाप. पोलिसांत रिपोर्ट झाली, पिकअपचा विमा निघाला, आणि पुसदच्या कोर्टात माझी विमा कंपनीवर केस लागली.

मांडीचं हाड मोडलं होतं. सळई घातली, ती धरली नाही, मग दुसरं ऑपरेशन. तो पहिला हंगाम सोनूच्या बापानं माझ्यासाठी बुडवला. मला उचललं, धुतलं, भाकरीसुद्धा थापल्या; त्या खाणाऱ्यालाच कळल्या, पण थापल्या. हे मी विसरलेली नाही, आणि पुढे जे सांगणार आहे ते हे विसरून सांगत नाही.

दुसरा हंगाम त्याला बुडवता येत नव्हता. त्यानं रुपालीबरोबर कोयता केला. रुपाली माझी जाऊ. दीर वारला, तिला पोटापाण्याला काम हवं होतं, आणि याला अर्धा कोयता. तांड्यात कोणाला त्यात वावगं दिसलं नाही. रुपाली गुणाची आहे, कामाला वाघीण आहे. मला ती आवडत नाही. माझ्या मनात काही नाही असं मी म्हणणार नाही. थोडं आहे.

जायच्या सकाळी त्यानं माझी खाट उन्हात आणून ठेवली. आम्ही घरात गोरमाटीच बोलतो; तुमच्यासाठी मराठीत सांगते.

“तू पडून राह्य,” तो म्हणाला. “काही करू नोको. काही लागलं तं मानीबाईले आवाज देजो.”

त्यानं ते मायेनंच म्हटलं होतं. पण ट्रकवर रुपालीनं हात पुढे केला, यानं धरून तिला वर घेतलं, आणि मी खाटेवर पडून ते पाहिलं. पडून राहा म्हणे.

तांडा रिकामा होतो म्हणजे काय, ते मागे राहिल्याशिवाय समजत नाही. दिवसा एक वेळ चालतं. संध्याकाळी चुली पेटायच्या वेळेला धूर दोन-तीन घरांतूनच निघतो, बाकी दारांना कुलपं. मी खाटेवरून त्या कुलपांकडे बघत बसायची. एकदा शेजारच्या बंद दाराला “काय भाजी केली व?” असं विचारूनही पाहिलं. वेड लागलं नव्हतं. बोलायला तोंड शिवशिवत होतं. लेक सोनू, तीही तिच्या नवऱ्याबरोबर कोयत्यावर. तिचा फोन यायचा, पण दिवसभर राबून आलेली पोर जांभया देत बोलायची. मीच म्हणायची, ठेव आता.

मानीबाईचं घर माझ्यासमोर. वय विचारलं तर भांडते. सगळा तांडा जाताना आपापल्या बकऱ्या तिच्याकडे वाट्यानं ठेवून जातो. बकरी व्याली की एक पिल्लू मालकाचं, एक तिचं. पण तिचे गुडघे गेलेले. ती ओट्यावर बसल्या बसल्या नुसता आवाज करायची, आणि बकऱ्या तिला मोजत नव्हत्या.

एक दिवस ती माझ्यावरच ओरडली. “काय व संगीता, पाय मोडला का जीव मोडला? तुले पाय एक तरी धड हाय, मले तेबी नाही. ऊठ, पाणी पाज त्याईले. जे होईन त्याच्यात अर्धं तुझं.”

मला राग आला आणि रागातच मी उठले. माझं बरंचसं काम रागानंच होतं. पहिल्या दिवशी कुबडी घेऊन तिच्या ओट्यापर्यंत गेले आणि तिथंच रडत बसले. मग लिंबापर्यंत. मग हापशीपर्यंत. पौष लागेपर्यंत मी कुबडी भिंतीला टेकवून बिनकुबडीची हापशीवर जाऊ लागले. लंगडत, दात खाऊन, पण जाऊ लागले. खोटं कशाला सांगू, तो पाय पूर्वीसारखा होणार नाही. खाली बसता येत नाही, डोक्यावर ओझं घेता येत नाही, थंडीत हाड रात्रभर ठणकतं. उसाच्या फडात मी आता कधी जाणार नाही. पण मी चालत होते.

हे मी सोनूच्या बापाला सांगितलं नाही. फोनवर तो विचारायचा, “कसं हाय?” मी म्हणायची, “हाय तसंच.” मला ते त्याला दाखवायचं होतं. तो येईल, खाटेकडे बघेल, खाट रिकामी असेल आणि मी हापशीकडून येत असेन. त्याचं तोंड तेव्हा कसं होईल, हे बघायला मी सगळा हिवाळा चालले. दुसरं काही मला नको होतं. मानीबाईला हे ठाऊक होतं. रोज तिचं एकच: “पाह्यन तं बोटंच तोंडात घालन थो.”

अशात ममता मॅडमचा फोन आला. या माझ्या वकील, कोर्टानं फुकट दिलेल्या. पुसदला राहतात, बोलायला सरळ.

“संगीताताई, तारीख लागली. डॉक्टरांची साक्ष झाली, आता तुमच्या मिस्टरांची उलटतपासणी आहे. डोळ्यांनी पाहिलं असं सांगायला तयार तेच एक. पानठेलेवाला तर नाहीच म्हणतो, त्याला म्हणे रोज त्याच रस्त्यावर बसायचंय. मिस्टर आले नाहीत तर केस लंगडी पडेल.”

“माह्यासारखी,” मी म्हटलं. त्या हसल्या नाहीत.

“त्यांच्या येण्याजाण्याचा आणि बुडालेल्या मजुरीचा भत्ता द्यावा लागेल. नंतर अर्ज करून बघू, काही मिळेल. पण आधी तुम्हालाच सोसावा लागेल.”

डॉक्टरांना कोर्टात आणायला जे लागलं, त्यात माझ्या हिश्शाची पिल्लं गेलीच होती. एक पाठ, म्हणजे अजून न व्यालेली बकरी, राहिली होती, पांढऱ्या कानाची, पुढच्या वर्षी व्यायला आली असती. मी सोनूच्या बापाला फोन लावला.

त्याच्या मागून कोणीतरी पाणी ओतत होतं.

“येतो,” तो म्हणाला. “पन मी आलो तं रुपालीबी बसून राह्यते ना. कोयता तुटते. मुकादम दोघांचे दिवस कापते.”

“मंग?”

“मंग काय. भत्ता एकाचा नाही पुरत. दोघांचा लागन.”

त्याचं चूक नव्हतं. हिशेब तसाच आहे, मीच इतकी वर्षं त्या हिशेबात होते. माझा नवरा माझ्यासाठी साक्षीला येणार, आणि त्या दिवसांत रुपाली खोपीत पाय पसरून बसणार, तिच्या बसण्याचे पैसे मी देणार. मी म्हटलं, “या. देतो दोघांचा.” मग फोन ठेवून त्या पाठीच्या गळ्यात हात टाकून रडले. तिला वाटलं मी खायला देते आहे, ती माझा पदर चावत राहिली. दिग्रसच्या बाजारात ती गेली तेव्हा मी मागे वळून पाहिलं नाही.

त्या आधी आणखी एक झालं. मोटारसायकलवर एक माणूस तांड्यात येऊन गेला. बाई काय करतात, बकऱ्या कोणाच्या, असं मानीबाईला विचारत होता. मानीबाईनं त्याला चहाही पाजला नाही, आमच्यात ही शिवीच समजतात. तो विमा कंपनीचा असेल, असं ममता मॅडम म्हणाल्या.

तारखेला मी सकाळच्या एसटीनं पुसदला गेले. नवीन साडी नेसले, तीही हिरवी, त्याला आवडते ती. गाडीत धक्के बसतात म्हणून कुबडी घेतली होती, पण कोर्टाच्या फाटकाशी ती काखेतून काढली. तो व्हरांड्यात उभा असेल आणि मी तशीच चालत जाईन, असं मी रात्रभर घोकलं होतं.

ममता मॅडम धावतच आल्या. “कुबडी घ्या आधी. आणि तिथं बाकावर बसा.”

“पन मॅडम, मले चालता येते आता. दुखते, पन येते.”

“चांगलंच आहे ते. खोटं बोला असं मी कधीच सांगणार नाही. कोणी विचारलं तर खरं तेच सांगा. पण आज तुमच्या पायावर भांडण आहे. दहा पावलं चालताना दिसलात, तर समोरचा वकील म्हणेल बाई ठणठणीत आहे, आणि तुमचं रात्रीचं ठणकणं कोणाला दिसणार नाही. न विचारता चालून दाखवू नका.”

त्या माझ्या भल्याचंच सांगत होत्या. मी कुबडी घेतली आणि बाकावर बसले. एवढा हिवाळा घालवून मी शेवटी बसलेलीच सापडले.

सोनूचा बाप नांदेडच्या गाडीनं आला. वाळला होता. हातांवर पाचटाचे ओरखडे, डोळे जागरणानं लाल. माझ्यापाशी येऊन त्यानं आधी कुबडीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

“जेवली का?”

“हो. तुमी?”

“हो. दुखते का?”

“थोडं,” मी म्हटलं. साडीकडे त्याचं लक्ष गेलं नाही. मी सांगणारच होते, अगदी ओठांवर आलं होतं. तेवढ्यात शिपाई दारात येऊन ओरडला, “धरमसिंग राठोड हाजिर है?” मी तोंडातून कधी न काढलेलं नाव त्यानं तीनदा काढलं.

कंपनीचा वकील तरुण होता, गोड बोलणारा. “तुम्ही तर खर्रा घोटत होता. मग पिकअप तुम्हाला दिसली कशी?”

“खर्रा हातानं घोटतेत साहेब, डोळ्यानं नाही.”

कोर्टात हसू आलं. मलाही आलं. हा माझा नवरा, असं वाटलं. मग त्या वकिलानं कागद उलटला.

“तुमची पत्नी आज घरची सगळी कामं करते. बकऱ्या राखते, पाणी भरते. खरं की खोटं?”

“खोटं हाय.”

“नीट आठवून सांगा.”

“त्याच्यात काय आठवाचं साहेब? तिच्यानं उठनंबी होत नाही. मी खाटेवर ठेवून गेलतो, थे तशीच हाय. ते बकऱ्या मानीबाईच्या हायेत.” तो थांबला. मग खाली बघून म्हणाला, “ती कामाची राह्यली नाही आता. पहिलं लय काम करे. आता काहीच नाही तिच्यानं होत. मले दुसरा कोयता करा लागला.”

तो हे मराठीत बोलला. घरात, गोरमाटीत, असं तो मला कधी बोलला नसता. जिभेवरच आलं नसतं त्याच्या. पण कोर्टात मराठीच बोलावं लागतं, आणि मराठीत ते सरळ निघून आलं. जज साहेबांनी ते लिहायला सांगितलं, टाइप करणाऱ्यानं ते टाइप केलं. कामाची राहिली नाही. माझे दोन्ही हात कुबडीवर आवळले. “होते, माह्यानं होते,” असं ओरडून उठावं असं फार वाटलं. मला कोणी विचारलं नव्हतं. मी बसून राहिले.

बाहेर आल्यावर ममता मॅडम खुशीत होत्या. मला बाजूला घेऊन हळूच म्हणाल्या, “बकऱ्यांचं त्यांना माहीत नव्हतं का?”

“नाही. मी सांगतलंच नाही.”

“बरं झालं. म्हणजे ते खोटं बोलले नाहीत. फार चांगली साक्ष झाली, ताई. शिकवलेला साक्षीदार लगेच ओळखू येतो. हे मनापासून बोलले.”

“हो मॅडम,” मी म्हटलं. “मनापासूनच बोलले.”

तो तांड्यावर येणार नव्हता. मुकादमानं परतीची गाडी ठरवूनच पाठवलं होतं; फड अर्धा राहिला होता आणि रुपाली बसून होती. आम्ही स्टँडवर आलो. त्यानं मला बाकावर नीट बसवलं, कुबडी हाताशी ठेवली, पाण्याची बाटली आणून दिली. असं करताना तो फार चांगला असतो. मग नांदेडची गाडी लागली आणि तो जागा धरायला पळाला.

भत्ता माझ्याजवळच होता, दोघांचा, रुमालात बांधलेला. आणि भाकरी, वर लसणाची चटणी. तो खिडकीतून हात करत होता, कोणाच्या तरी हाती पाठवून दे म्हणून. मी कुबडी बाकावर आडवी ठेवली आणि उठले.

आता इथं कोर्ट नव्हतं, वकील नव्हता. मी त्याच्याकडे बघत चालले. बाकापासून गाडीपर्यंत, मधे दुसरी एक गाडी मागे येत होती तिला थांबायला हात दाखवून, लंगडत, पण ताठ. डाव्या हातात रुमाल, उजव्या हातात भाकरी. आधाराला काही नाही. त्यानं पाहिलं. त्याचं तोंड उघडं पडलं, अगदी मानीबाई म्हणाली होती तसं. मी खिडकीखाली पोचले आणि वर बघून हसले.

तो माझ्याकडे बघत नव्हता. तो माझ्या मागे बघत होता, इकडे, तिकडे, पानठेल्याकडे, मोटारसायकलींकडे.

“खाली बस!” तो दबक्या आवाजात म्हणाला. “कायले चालून राह्यली? कंपनीचा एखादा मानूस असन इथंच कुठं. कोनी पाह्यलं तं सगळं पान्यात जाईन!”

“तुमी पाह्यलं ना?” मी म्हटलं.

“अवं, बस म्हनतो ना पहिलं! पाया पडतो तुझ्या!”

त्यानं हात खाली करून रुमाल घेतला, भाकरी घेतली. कंडक्टरनं घंटी मारली. गाडी वळेपर्यंत तो खिडकीतून हातानं मला एकच सांगत होता, खाली, खाली. मी परत बाकावर आले आणि बसले. गाडी दिसेनाशी झाल्यावरही बसूनच राहिले. कंपनीचा माणूस तिथं नव्हता. असता तरी मला त्याच्यावर राग आला नसता. निदान तो माझं चालणं बघायला आला असता.

फाट्यावर उतरले तेव्हा उन्हं कलली होती. पानठेला बंद होता, रस्त्यावर चिटपाखरू नाही. कुबडी काखेत न घेता हातात धरली आणि तांड्यापर्यंत सगळा रस्ता चालत आले. इतकं मी अजून एकदाही चालले नव्हते. मधे दोनदा थांबले, पायासाठी नाही, रडण्यासाठी.

मानीबाई ओट्यावर वाट बघत होती. बकऱ्या तिच्याभोवती तहानेनं ओरडत होत्या.

“आला नाही थो?”

“फड अर्धा हाय. गेला तिथूनच.”

“मंग पाह्यलं नाही का त्यानं तुले?”

“पाह्यलं ना. स्टँडवर. चालत गेली मी त्याच्या गाडीपर्यंत.”

ती पुढे सरकली. सगळा हिवाळा तिनंही याचीच वाट पाहिली होती. “अवं मंग सांग ना! काय म्हनला?”

कोर्टात त्या दिवशी शपथेवर कोणीच खोटं बोललं नव्हतं. मी बादली उचलली.

“खूस झाला,” मी म्हटलं. “लय खूस झाला.”

“मी म्हनत नव्हती!” मानीबाई टाळी वाजवून हसली, आणि मी बकऱ्यांना घेऊन हापशीकडे गेले.